फायलीत पडून राहिलेला आकडा

शिमगा आटोपल्यावर आमच्या गावच्या हायस्कुलात एक बैठक झाली. मुंबईच्या चाकरमानी मंडळींनी वर्गणी काढली होती आणि तालुक्याच्या दवाखान्याला काहीतरी द्यायचं ठरवलं होतं. शाळेतल्या तीन-चार मुलांना लागोपाठ दम्याचे झटके येऊन गेल्याने विषय तोच निघाला. कुणीतरी सुचवलं, श्वासातला नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे श्वासनळ्यांना सूज आली की वाढणारा वायू, मोजणारं यंत्र घेऊ. त्यावरून दोन तट पडले. एक तट म्हणाला, आता ज्याच्या त्याच्या शरीराप्रमाणे औषध द्यायचे दिवस आलेत, मुंबई-पुण्याच्या मुलांना मिळतं ते आमच्या मुलांना का नको? दुसरा म्हणाला, जिथे पोराला साधा पंप वेळेवर मिळत नाही तिथे हे चोचले कशाला? आवाज चढले, चहा गार झाला आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. सिंधुदुर्गात सव्वीस वर्षं मी रक्त, लघवी, थुंकी तपासत आले आहे. त्या दिवशी मी मागच्या बाकावर गप्प बसून राहिले, याची रुखरुख गेलेली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दोन्ही तट एकच गोष्ट गृहीत धरून भांडत होते: जैविक खूण, म्हणजे डॉक्टर ज्याला बायोमार्कर म्हणतात ती, महागड्या यंत्रातूनच निघते आणि महागड्या इंजेक्शनापाशीच जाऊन थांबते. तसं नाही. किशोरवयातल्या दम्याची आपल्या हाताशी असलेली सर्वांत उपयोगी खूण साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीच्या, कागदावर छापून येते. ती आजही येते आहे, गावोगावच्या घरांतल्या फायलींत पडून आहे. तिचं पहिलं काम महागडं औषध निवडायचं नाही, स्वस्त पंप कुणाला ताबडतोब लागतो ते सांगायचं आहे. ती कुणी वाचत नाही. भांडायचं असेल तर यावर भांडायला हवं होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीतली एक मुलगी, कबड्डीच्या संघातली, आईबरोबर रक्त द्यायला आली. आईच्या हातात सराफाच्या जाहिरातीची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात तीन वर्षांचे कागद. दर वेळी तक्रार तीच, रात्रीचा खोकला आणि खेळताना धाप. दर वेळी उपाय तोच, अँटिबायोटिक, खोकल्याचं पातळ औषध, फारच झालं तर एक इंजेक्शन आणि वाफ. पिशवीत चार सीबीसी होत्या. ईओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ९ टक्के, १२, ११, पुन्हा १२. चारही कागदांवर त्या आकड्याशेजारी वर जाणारा बारीक बाण होता. तो बाण यंत्र आपोआप छापतं आणि आपोआप दुर्लक्षला जातो. मी त्या दिवशी स्मिअर केला, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरला, लिशमनच्या रंगाने रंगवला, तेलाच्या भिंगाखाली घेतला. ईओसिनोफिल ओळखायला सोपी पेशी आहे: चष्म्याच्या दोन काचांसारखं दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि भोवती शेंदराचे कण उधळावेत तसे दाणे. एरवी शंभर पांढऱ्या पेशी मोजताना दोन-चार दिसतात. तिच्या रक्तात चौदा मोजल्या. एकूण पांढऱ्या पेशी ९ हजार, म्हणजे एका मायक्रोलिटरमागे १२६० ईओसिनोफिल. दम्याच्या बाबतीत ३००च्या वर गेलं की डॉक्टरांनी कान टवकारायचे असतात.

मी म्हटलं, हिला छातीच्या डॉक्टरांना दाखवा, बहुतेक पंप लागेल. आई हळू आवाजात म्हणाली, "पंपाची सवय लागात ना ओ मॅडम. आणि उद्या स्थळ येतला तेव्हा काय सांगू?" मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

आता त्या आकड्याचा अर्थ. दमा हे एका रोगाचं नाव नाही, बऱ्याच वेगवेगळ्या बिघाडांना मिळून दिलेलं ते एक आडनाव आहे. घरघर सगळ्यांची सारखी ऐकू येते, पण श्वासनळीच्या अस्तरात काय चाललं आहे ते प्रत्येकात वेगळं असतं. काहींच्या नळ्यांत ॲलर्जीच्या वळणाची सूज असते, तिच्यात ईओसिनोफिल गोळा होतात आणि श्वासात नायट्रिक ऑक्साइड वाढतो. अशी सूज श्वासातून घेतलेल्या स्टिरॉइडला चांगला प्रतिसाद देते. काहींत ही सूज फारशी नसते, दुसऱ्याच पेशींचा खेळ असतो, आणि काहींत दमाच नसतो. किशोरवयीन मुलींमध्ये, विशेषतः खेळताना आणि परीक्षेच्या ताणात, स्वरयंत्राच्या पट्ट्या श्वास घेताना आवळल्या जातात. बाहेरून ते हुबेहूब दम्यासारखं दिसतं आणि वर्षानुवर्षं त्यावर पंप वाढत जातो.

हे ज्ञान कालपरवाचं नाही. १९५६ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने जुनाट दम्यावर कॉर्टिसोन या स्टिरॉइडची चाचणी केली आणि निष्कर्ष आला की त्याचा टिकाऊ फायदा फारसा नाही. डर्बी शहरातले हॅरी मोरो ब्राउन नावाचे छातीचे डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी रुग्णांची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सुरुवात केली. ज्यांच्या थुंकीत ईओसिनोफिल होते त्यांना प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने उतार पडत होता, ज्यांच्यात नव्हते त्यांना पडत नव्हता. दोन्ही गट एकत्र मिसळले म्हणून औषध कुचकामी दिसलं होतं. हे त्यांनी १९५८ मध्ये छापलं. साधन कोणतं होतं? एक सूक्ष्मदर्शक आणि थोडा रंग. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरिया आणि क्षयासाठी वापरतात तेच. याच डॉक्टरांनी १९७२ मध्ये श्वासातून घ्यायच्या बेक्लोमेथासोन या स्टिरॉइडचे परिणाम पहिल्यांदा मांडले, आणि आजच्या प्रत्येक स्टिरॉइड पंपाचा उगम तिथे आहे. म्हणजे खूण आणि स्टिरॉइडचा पंप एकाच माणसाच्या टेबलावर जन्माला आले. आपण मात्र त्यांना एकमेकांच्या विरोधात उभं करून बैठका घेतो.

हीच चूक पुढे पुन्हा झाली. मेपोलिझुमॅब हे ईओसिनोफिल कमी करणारं इंजेक्शन आधी सरसकट दम्याच्या रुग्णांना देऊन पाहिलं, २००७ च्या अहवालात ते जवळजवळ निरुपयोगी ठरलं. २००९ मध्ये तेच औषध ईओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांना निवडून दिलं आणि झटके कमी झाले. औषध बदललं नव्हतं, कुणाला द्यायचं ते बदललं होतं. आणि यात परकं, पाश्चात्त्य असं काय आहे? तापाचा रुग्ण आला की आपण बोटाला सुई टोचून मलेरियाचा स्मिअर घेतो, जंतू कोणता ते पाहून गोळ्या ठरवतो. सगळ्या तापांना एकच काढा देणाऱ्याला आपण आज डॉक्टर म्हणणार नाही. मग सगळ्या धापांना एकच वाफ देण्यावर आपण इतके निवांत कसे?

पंप आधी म्हणणाऱ्यांचा मुद्दा मात्र माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि तो हलक्यात घ्यायचा नाही. जागतिक रोगभाराच्या अंदाजांत जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. नऊ केंद्रांत सव्वा लाखाहून अधिक मुलं आणि पालकांना विचारून झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत ज्यांना त्या काळात घरघर होत होती त्यांतल्या ८२ टक्के लोकांना दमा असल्याचं कुणी सांगितलेलंच नव्हतं. रोज स्टिरॉइड पंप घेणारे तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. अशा देशात लाखाच्या घरातलं यंत्र आणि त्याच्या दर तपासणीला लागणारी नळकांडी विकत घेणं चैनीचं वाटणारच. शिवाय २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही स्पष्ट आहेत: बारा वर्षांवरच्या कुठल्याही दमेकऱ्याला तात्पुरता श्वास मोकळा करणाऱ्या नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवायचं नाही, प्रत्येकाच्या उपचारात स्टिरॉइड पंप असायलाच हवा, खूण वर असो की खाली. ईओसिनोफिल कमी आले म्हणून पंप बंद, असा अर्थ कुणी काढला तर तो घातक आहे. हे मी प्रयोगशाळेतली बाई म्हणून ठासून सांगते, कारण आमच्या कागदाचा असा गैरवापर झालेला मी पाहिला आहे.

हे सगळं मान्य. पण मग ८२ टक्क्यांचं निदान झालं नाही ते पंपाच्या तुटवड्यामुळे का? ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल हे नळ्या उघडणारं औषध यांचा एकत्र पंप राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहे. दुकानात तो मिळतो. मिळत नाही ते "याला दमा आहे" हे वाक्य. ते उच्चारायला डॉक्टर कचरतो, कारण फुंकर मारून श्वास मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, जवळ नाही आणि आई-बाप साल्ब्युटामॉलचा निळा पंप पाहिला तरी दवाखाना बदलतात. अशा वेळी नववीतल्या त्या मुलीच्या चार कागदांवरचे चार बाण डॉक्टरच्या हातात पुरावा म्हणून असते, तर तीन वर्षं वाया गेली असती का? नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. पण रात्रीचा खोकला, खेळताना धाप, घरात कुणाला तरी दमा किंवा सतत शिंका, आणि त्यावर चार तपासण्यांत वाढलेले ईओसिनोफिल, इतकं एकत्र आल्यावर डोळेझाक करायला जागा उरत नाही. ज्यांचे ईओसिनोफिल जास्त त्यांना पुढे झटका येण्याचा धोकाही जास्त असतो, वरवर बरं वाटत असलं तरी. म्हणजे पंप थोडेच असतील, तर ते आधी कुणाच्या घरी पोचवायचे हेसुद्धा ही खूणच सांगते.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ६ ते १५ वयाच्या ५०९ मुलांवर एक चाचणी झाली, २०२२ मध्ये तिचा निकाल आला. अर्ध्या मुलांचे उपचार लक्षणांवरून ठरवले, अर्ध्यांचे लक्षणं आणि श्वासातला नायट्रिक ऑक्साइड दोन्ही पाहून. वर्षभरात झटके जवळपास सारखेच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या शहरी वस्तीतल्या २९० मुलांवरच्या चाचणीत ईओसिनोफिल पाहून मेपोलिझुमॅब दिलं, तर झटके २७ टक्क्यांनी कमी झाले. मोठ्या माणसांत दिसतो त्याहून हा फायदा बराच कमी. बैठकीतल्या एका तरुण डॉक्टरांनी हाच दाखला दिला होता आणि त्यांनी तो दिला याचा मला आनंद आहे, कारण निम्म्या लोकांना यंत्र म्हणजे जादू वाटत होती. मुलांचा दमा मोठ्यांपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. पिट्सबर्गच्या संशोधकांनी नाकात कापसाचा बोळा फिरवून, त्यातल्या पेशींत कोणती जनुकं जागी आहेत ते पाहून मुलांच्या दम्याचे प्रकार पाडले. २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षात ॲलर्जीच्या वळणाचा, ईओसिनोफिलवाला दमा फक्त २३ ते २९ टक्के मुलांत निघाला. ती मुलं प्वेर्तो रिकोच्या आणि आफ्रिकी-अमेरिकी घरांतली होती. आपल्या मुलांत हे प्रमाण तेच असेल असं मानायचं कारण नाही. पण एकाच खुणेवर सगळा भार टाकू नये एवढं त्यातून शिकायलाच हवं.

तरीही या चाचण्यांनी कोणता प्रश्न विचारला होता, ते बघा. ब्रिटनमधली ती मुलं आधीच निदान झालेली, आधीच पंपावर असलेली, नियमित तपासणीला येणारी होती. चांगल्या चालणाऱ्या गाडीला आणखी एक आरसा लावला तर अपघात कमी होतात का, असा तो प्रश्न होता. आमची गाडी दिव्याशिवाय घाटात उभी आहे. तिथला निकाल जसाच्या तसा इथे लावून "खुणांचा उपयोग नाही" म्हणणं म्हणजे १९५६ चीच चूक उलट्या बाजूने करणं आहे.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जवळचा, कारण तो माझ्या टेबलावरचा आहे. कोकणातलं रक्त युरोपातल्या रक्तासारखं नाही. आमच्याकडे जंत आहेत. अनवाणी शेतात, नारळी-पोफळीच्या ओल्या बागेत फिरणारी मुलं आहेत. जंतांनी ईओसिनोफिल वाढतात. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींनी तर फुप्फुसात असा उठाव होतो की रात्रीचा खोकला आणि घरघर दम्यासारखीच वाटते आणि ईओसिनोफिल ३ हजारांच्या पुढे जातात. वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये त्याला ट्रॉपिकल ईओसिनोफिलिया असं नाव दिलं. त्यावर दम्याचा पंप चालत नाही, हत्तीरोगावरच्या हेट्राझानच्या गोळ्या लागतात. नोकरीच्या सुरुवातीला हत्तीरोगाच्या पाहणीसाठी मी रात्री कंदील घेऊन वाड्यावाड्यांत फिरले आहे. ते कृमी रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून लोकांना झोपेतून उठवून बोट टोचावं लागे. दुसरीकडे, मुलाला आदल्या दिवशी डेक्सा या स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या दिलेल्या असतात आणि सकाळी ईओसिनोफिल शून्यावर आलेले असतात. कागद म्हणतो सगळं ठीक. त्या कागदाइतका खोटा कागद नाही. श्वासाच्या यंत्राचंही तेच आहे. नाकाच्या ॲलर्जीने आकडा वर जातो, विडी-सिगारेटने खाली येतो, आणि बारावीतला मुलगा सिगारेट ओढतो हे आईसमोर सांगणार नाही.

मग हे सगळं खूण न बघण्याचं कारण आहे की नीट बघण्याचं? मला तर ते दुसऱ्याच बाजूचं वाटतं. आकडा ३ हजारांच्या वर असेल तर हत्तीरोगाचा विचार करा, हे आकडा वाचणाऱ्यालाच सुचेल. लक्षणांवरून वाफ देणाऱ्याला ते कधीच कळणार नाही आणि पोर महिनोन्‌महिने चुकीचा पंप ओढत राहील. जंतांचं म्हणाल तर सरकार दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये १ ते १९ वयाच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी देतं. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी सीबीसी केली तर जंतांचा गोंधळ बराचसा बाजूला होतो. त्या मुलीचं आम्ही तसंच केलं. गोळीनंतर महिन्याने आकडा १२६० वरून ९०० च्या आसपास आला. थोडा हिस्सा जंतांचा होता, बाकीचा नव्हता. कॅलेंडरवर एक खूण करायची आणि स्टिरॉइड द्यायच्या आधी रक्त घ्यायचं, यापलीकडे याला काय लागतं? परदेशी मर्यादा इथे जशाच्या तशा चालणार नसतील तर आपल्या मर्यादा आपण शोधायला हव्यात. त्यासाठीचं रक्त दर आठवड्याला आमच्या रॅकमधल्या नळ्यांत असतं आणि संध्याकाळी फेकलं जातं.

चौथा मुद्दा कार्यकर्त्यांचा, आणि तो मनाला लागतो. रोग हवेत आहे, तुम्ही तो पोराच्या रक्तात शोधता, असं ते म्हणतात. खरंच आहे ना. फेब्रुवारीपासून भाजावळीचा धूर दरीत साचून राहतो. काजूच्या कारखान्यांभोवती टरफलाच्या तेलाचा उग्र वास. चिरेखाणीचा लाल धुरळा आंब्याच्या पानांवर बसतो तसाच छातीत बसतो. पहाटे न्हाणीघरातली चूल पेटते आणि पाणी तापेपर्यंत मुलं तिथेच शेकत बसतात. पावसात चार महिने भिंती ओल्या, गोधड्या वाळत नाहीत. अशा ओलीत धुळीतले किडे वाढतात, आणि घरधुळीच्या ॲलर्जीचं मूळ हेच किडे, हे हॉलंडच्या दमट घरांत १९६४ मध्ये फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी दाखवलं. हे सगळं सोडून प्रत्येक मुलाचं रक्त वेगवेगळं बघत बसलं की खाणमालक सुटतो आणि दोष पोराच्या प्रकृतीवर येतो, ही भीती निराधार नाही.

पण स्पेनमधलं बार्सिलोना आठवा. तेही बंदराचंच शहर. १९८१ ते १९८७ दरम्यान तिथे दम्याच्या २६ साथी आल्या. एका दिवसात रुग्णालयं भरून जात आणि पुन्हा सगळं शांत. शोध घेताना संशोधकांच्या लक्षात आलं की त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलेलं असतं. पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. मग साथीत सापडलेल्या रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांच्यात सोयाबीनविरुद्धची आयजीई, म्हणजे ॲलर्जीची, प्रतिपिंडं सापडली. धान्याच्या कोठाराला धूळ अडवणारी गाळणी बसवली आणि साथी थांबल्या. प्रत्येक माणसाच्या रक्तातली खूण गोळा करूनच सार्वजनिक दोषी सापडला होता. उद्या आपल्या एखाद्या हायस्कुलातल्या वाढलेल्या आकड्यांची मुलं एकाच खाणीच्या रस्त्यावरची निघाली, तर ग्रामसभेत नुसती ओरड करायची गरज उरणार नाही, कागद पुढे ठेवता येईल. खूण माणसाला एकटं पाडते असं नाही. त्या एकट्या-एकट्या खुणा कुणी एकत्र मांडतच नाही, म्हणून तो एकटा पडतो.

किशोरवयाबद्दल मला वेगळं बोलायचं आहे, कारण बैठकीत सगळे "मुलं, मुलं" म्हणत होते जणू सहा वर्षांचा आणि सोळा वर्षांचा सारखाच. लहानपणी दमा मुलग्यांत जास्त, वयात येताना पारडं मुलींकडे झुकतं. आईच्या हातून औषध घेण्याचं वय संपलेलं असतं, स्वतःहून घेण्याची समज अजून पुरती आलेली नसते. दप्तरातला पंप कुणी पाहू नये म्हणून जिवाची धडपड. धाप लागली की दोन फवारे निळ्या पंपाचे, बरं वाटलं की विसर. निळा पंप नळी उघडतो, सूज तशीच राहते. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रेनालिन या नळ्या उघडणाऱ्या औषधाचे जोरकस फवारे हातोहाती झाले तेव्हा दम्याचे मृत्यू अचानक वाढले, आणि सर्वांत जास्त वाढ १० ते १४ वयाच्या मुलांत होती. ताबडतोब उतार पडतो म्हणून मुलं फवाऱ्यावर विसंबली, आत आग वाढत गेली. आज आपल्याकडे वाफेचं मशीन तीच भूमिका वठवतं आहे, फरक एवढाच की ते दवाखान्यात असतं.

आणि ज्या पंपावर आपण एवढी चर्चा करतो त्याची कल्पनाही एका किशोरवयीन मुलीचीच. रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची मुलगी औषधाचा फवारा करणाऱ्या, काचेच्या फुटणाऱ्या नेब्युलायझरला कंटाळली होती. १९५५ मध्ये तिने वडिलांना विचारलं, माझं औषध केसांच्या फवाऱ्यासारखं डब्यात का नाही मिळत? पुढच्याच वर्षी पहिला मोजून मात्रा देणारा पंप बाजारात आला. या वयाच्या मुलांना आपल्या आजाराबद्दल बोलू दिलं की काय होतं ते यात दिसतं. आपण त्यांच्या डोक्यावरून आई-बापाशी बोलतो.

खुणेचा या वयात एक खास उपयोग आहे. चांगला पंप लिहून दिला तरी आकडा वरच राहिला, तर बहुधा दोनच शक्यता: पंप पोटात जातोय पण छातीत नाही, म्हणजे ओढण्याची रीत चुकते आहे, किंवा पंप घेतलाच जात नाही. बेलफास्टच्या डॉक्टरांनी खूण वापरून हेच शोधून काढलं. समोर बसवून, खात्री करून आठवडाभर पंप दिला आणि श्वासातला नायट्रिक ऑक्साइड झपाट्याने उतरला, तर कळतं की घरी तो घेतला जात नव्हता. हे पोलिसगिरीसाठी वापरलं तर मुलं तपासणीलाच येणार नाहीत. पण तोच आकडा मुलीच्या हातात देऊन, "बघ, तुझ्या नळीत इतकी सूज आहे, पुढच्या महिन्यात किती उतरवायची ते तू ठरव," असं म्हटलं तर? मी ते करून पाहिलं आहे. आपल्या रक्ताचा रंगवलेला थेंब भिंगाखाली पाहिलेली मुलगी आपल्या छातीबद्दल जास्त आस्थेने बोलते.

स्टिरॉइडच्या भीतीवरही हाच उतारा आहे. उंची खुंटेल ही आयांची भीती खोटी नाही, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात लहानपणी ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. बोटाच्या पेरापेक्षा कमी. पण म्हणूनच मात्रा आंधळेपणाने वाढवत नेऊ नये. जिच्या खुणा खाली आहेत आणि तरी धाप जात नाही तिला आणखी स्टिरॉइड देण्याआधी थांबायचं, स्वरयंत्र बघायचं, चूल बघायची, परीक्षेचा ताण विचारायचा. खूण इथे औषध वाचवते. आमच्याकडे कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला माणसं लांबून जातात. त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आईची तळमळ मला कळते. त्याच आईला आपण "तुझ्या मुलीला हे का, आणि एवढंच का" हे समजावून सांगितलेलं नसतं.

तेव्हा यंत्राबद्दल माझं मत: एक यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी असावं, ज्यांना पंपानेही उतार नाही अशा थोड्या मुलांसाठी. तालुक्याच्या वर्गणीतून ते घेऊ नये. त्या पैशातून फुंकरीचा जोर मोजणारे पीक फ्लो मीटर, पंपाला जोडायची स्पेसरची नळकांडी आणि वर्षभराचे पंप घ्यावेत. खुणेसाठी नवीन खर्च जवळजवळ नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळाशाळांत जातात आणि त्यांच्या तीस आजारांच्या यादीत घरघर करणारी श्वासनळी आधीपासून आहे. ज्या मुलाबद्दल त्यांना शंका येते त्याची सीबीसी जंतांच्या गोळीनंतर, स्टिरॉइडच्या आधी करावी, टक्क्यांऐवजी ईओसिनोफिलचा प्रत्यक्ष आकडा मोठ्या अक्षरांत छापावा आणि तो शाळेच्या आरोग्यपत्रिकेत उतरवावा. आमच्या प्रयोगशाळेत मी गेल्या गणपतीपासून तो लाल शाईने हाताने लिहिते आणि खाली तीन शब्द: जंत? स्टिरॉइड? घरघर? काही डॉक्टर त्यावरून फोन करून विचारतात. सुरुवातीला कुणी करत नव्हतं.

ती मुलगी आता दहावीत आहे. सकाळ-संध्याकाळ पंप घेते, संघात आहे, आणि या पावसात तिला एकदाही रात्री वाफेसाठी उचलून न्यावं लागलेलं नाही. पुढची बैठक नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी ठरली आहे. त्या मुलीच्या आईने त्या चार कागदांच्या झेरॉक्स न्यायला मला परवानगी दिली आहे, नाव खोडून.